पंपाचा दिवस

सकाळी संग्रहालयाचं कुलूप निघालं की माझं पहिलं काम म्हणजे कालचं यंत्र आत ढकलायचं आणि आजचं बाहेर काढायचं. प्रवेशदालनाच्या मधोमध एक लाकडी चौथरा आहे, त्यावर रोज नवं यंत्र चढतं. ज्या तारखेला ते पहिल्यांदा चाललं, उडालं, बुडालं किंवा फुटलं, त्या तारखेचा मान त्याचा. नुसतं मांडायचं नाही, चालवूनही दाखवायचं. वर्षातून एकदाच आणि थोडाच वेळ. बाकी वर्षभर ही मंडळी मागच्या कोठारात तेल पिऊन झोपलेली असतात. त्यांना उठवायचं, सांधे मोकळे करायचे आणि पुन्हा झोपवायचं, ही माझी नोकरी.

ही रीत पाडली आमच्या प्रमुखांनी. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना तारीखबहाद्दर म्हणतात. कुठलीही तारीख विचारा, त्या दिवशी कोणी दुर्बिणीला डोळा लावला आणि कोणाचं जहाज बर्फात अडकलं, हे ते घडाघडा सांगतात. चौथऱ्याशेजारी काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी ते स्वतः खडूनं त्या दिवसाच्या चार गोष्टी लिहितात. स्वतःच्या लग्नाचा दिवस मात्र हटकून विसरतात, असं त्यांची बायकोच सांगते.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. कुठे आवाज आला की मी सैल झालेला स्क्रू शोधते. माझा दादा मला पानेवाली म्हणायचा. घरात कोणी शिंकलं तरी ही आधी पाना शोधेल, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा पुढे जे सांगणार आहे, ते मी हातात पाना घेऊनच पाहिलेलं आहे, असं समजा.

खोल पाण्यात उतरणाऱ्या माणसाला, पाणबुड्याला, हवा पुरवणारा पंप म्हणजे जाड लाकडाची कमरेएवढी पेटी. आत पितळेची दोन नळकांडी, त्यांत कातडं बसवलेले, वरखाली होणारे दट्टे, आणि बाहेर दोन्ही अंगांना एकेक मोठं चाक. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि मुठी धरून चाकं फिरवायची. हवा रबरी नळीतून पाणबुड्याच्या तांब्याच्या हेल्मेटमध्ये जाते, आणि वापरून झालेली हवा हेल्मेटच्या कानाजवळच्या झडपेतून बाहेर पडते. पेटीच्या माथ्यावर एक तबकडी आणि काटा आहे. पाणबुड्या जितका खोल, तितका पाण्याचा दाब जास्त, तितकी हवा ढकलायला मेहनत जास्त, आणि तितका काटा पुढे. वर उभ्या असलेल्या माणसाला खालचा दिसत नाही, पण तो किती खोल आहे ते काटा सांगतो. हेल्मेट कोरड्या दालनात ठेवलं असेल तर काटा शून्यावरच राहायला हवा. एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसानं हाच पंप लावून शहराबाहेरच्या तळ्याचा तळ गाठला आणि तो जिवंत वर आला. तोवर त्या तळ्याला तळ आहे, यावरच कोणाचा विश्वास नव्हता. शंभरी भरत आली तेव्हा तारीखबहाद्दरांच्या मनानं घेतलं, की त्याच तारखेला, त्याच जुन्या साधनांनी पुन्हा उतरायचं. दादा तळ्याची पाहणी करणाऱ्या पथकात पाणबुड्या होता. त्यानं आधी तिकडे हात वर केला आणि मग घरी सांगितलं. त्याची सगळी कामं अशीच असायची.

जुना पोशाख कुजून गेला होता. नवा शिवला बाबांनी. बाबा शिंपी. जन्मभर शर्ट-पँटी शिवलेला माणूस, पण रबर लावलेलं ते जाडजूड कापड मांडीवर घेऊन त्यांनी दुहेरी शिवण घातली, वर मेण चोळलं, आणि एकेक शिवण दोन्ही हातांनी ताणून दिव्याखाली पाहिली. "माझ्या हातची आहे," ते दादाला म्हणाले. "एक वेळ तू उसवशील, ती उसवायची नाही." दादा पोट धरून हसला. पोशाख घालून तो स्वयंपाकघरात बदकासारखा फिरला आणि मला म्हणाला, "काय पानेवाली, कुठे स्क्रू सैल दिसतोय का?" मी डोक्याकडे बोट दाखवलं.

तो उतरला. तळाशी पोचला तेव्हा पंपावरच्या माणसांनी काट्याच्या टोकाशी तबकडीवर लाल रंगाचा ठिपका दिला आणि काठावर टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं काटा एकदम शून्यावर पडला. नळी ओढली तर ती हलकीच वर आली, टोकाला काही नव्हतं. कमरेला बांधलेल्या दोरीचंही तेच. तळ्याच्या बुडाशी मऊ गाळ आहे, त्यात माणूस उभाच्या उभा जातो. त्याच्या सोबत्यांनी जिवाचं रान करून शोधलं. दादा मिळाला नाही, हेल्मेट मिळालं नाही, पोशाखाची चिंधीसुद्धा मिळाली नाही. चौकशीत नळीचा जोड निसटला असं ठरलं. बाबांना ते पटलं नाही. "शिवण उसवली असणार," एवढंच ते म्हणत राहिले. शिलाई मशीनवर त्यांनी चादर टाकली ती पुन्हा काढली नाही.

वर्षभरानं पंपाचा दिवस आला. पंप बाहेर काढूच नये असं मला वाटत होतं. पण बाबाच म्हणाले, "काढ. एक मूठ मी धरतो." हेल्मेटांची मुळात जोडी होती. उरलेलं दुसरं मी चौथऱ्यावर ठेवलं आणि त्याला नळी जोडली. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी. थोडे फेरे झाले नाहीत तोच चाक जड झालं. काटा हलला, चढत गेला आणि लाल ठिपक्यावर जाऊन उभा राहिला.

मी काट्याला दोष दिला. अपघाताच्या दिवशी त्याला धक्का बसला असणार. मी तबकडी आणि काटा नवे बसवले आणि ठिपका जुन्या मापानं पुन्हा दिला. पुढच्या वर्षी नवा काटाही चढला, फक्त ठिपक्याच्या अलीकडे थांबला. तेव्हा मी नळीला साबणाचं पाणी लावलं. कुठे बुडबुडा आला नाही. झडपेसमोर पातळ कागद धरला. तो हलला नाही. म्हणजे आम्ही घामाघूम होऊन जी हवा ढकलत होतो, ती हेल्मेटमधून बाहेर येत नव्हती आणि वाटेत गळतही नव्हती. झडप तुंबली म्हणावं, तर उघडून पाहिली, ती लख्ख होती. मग इतर दिवशी, दार लावून, मी पंप एकटीनं फिरवून पाहिला. तेव्हा तो अगदी शहाण्यासारखा वागायचा. काटा शून्यावर, झडपेतून फुस्स करून हवा बाहेर, कागदाची फडफड. त्या एका दिवशी मात्र हवा दुसरीकडे जायची. कुठे, ते मी स्वतःला विचारत नसे.

"जुनं यंत्र आहे, मॅडम. लहरी असायचंच," तारीखबहाद्दर म्हणायचे. असं म्हणताना ते तबकडीकडे पाहायचं टाळायचे, हे माझ्या लक्षात आलं होतं.

दर वर्षी काटा आणखी अलीकडे थांबायचा. त्याचा अर्थ मला लागला नाही, बाबांना लागला. एकदा त्या दिवशी घरी परतल्यावर जेवता जेवता ते म्हणाले, "तो वर येतोय."

"कोण?"

"थांबत थांबत येतोय. तोच सांगायचा ना, खोलातून घाईनं वर आलं तर रक्त सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं म्हणून? वाटेत थांबे घ्यावे लागतात म्हणून?"

"बाबा, दट्ट्यांची कातडी झिजलीय. दाब दर वर्षी कमी भरणारच."

"असेल." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "मला फक्त एकदा ती शिवण बघायचीय गं. माझ्यामुळे गेला की नाही, एवढं कळलं की मी सुटलो."

मला रडू आवरेना. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांच्यासमोर रडले नव्हते. मी भांडी घासायला उठले आणि घासलेलीच पुन्हा घासली.

बाबांच्या डोक्यातून हे काढायचंच, असं ठरवून मी दादाच्या पथकाच्या म्होरक्याला गाठलं. तो धक्क्यावर नावेला रंग देत होता. दर वर्षी काटा जिथे जिथे थांबला, ते खोलीचे आकडे मी त्याला तोंडी सांगितले आणि विचारलं, कातडं झिजलं तर दाब असाच उतरेल ना? त्यानं ब्रश खाली ठेवला.

"झीज अशी नसते," तो म्हणाला. "हे थांबे आहेत. त्या तळातून वर यायचं तर आम्ही इथेच थांबतो. कोण उतरलं होतं?"

मी पंपाचं सांगितलं. हाताला लागलेला रंग तो फडक्यानं पुसत राहिला, आणि मी निघाले तेव्हा म्हणाला, "काकांना सांगा, शेवटचा थांबा सगळ्यात लांब असतो." ते मी बाबांना सांगायला नको होतं, पण सांगितलं.

यंदा पंप उघडला तर दट्ट्यांची कातडी भुगा होऊन हातात आली. नवी घातली तरी नळकांड्यांचं पितळ पातळ झालेलं होतं. आणखी फिरवला तर पंप फुटेल आणि कायमचा जाईल, हे माझ्या कामाला जागून मला सांगावंच लागलं. ठरलं, की यंदा शेवटचं. यानंतर तो काचेआड. बाबांना हे कळलं तेव्हा ते खिडकीशी बसून होते. त्यांची तब्येत तेव्हा इतकी तोळामासा झाली होती, की डॉक्टरांनी जिनासुद्धा बंद केला होता.

"तू 'येऊ नका' म्हणशील," ते म्हणाले.

"म्हणणारच. तुमच्याऐवजी मी दुसरं कोणी उभं करते."

"दुसरं कोणी दमलं की हात सोडेल. मी नाही सोडणार." मग समजूत काढल्यासारखं म्हणाले, "गेल्या वर्षी काटा शून्याच्या किती जवळ होता, तूच पाहिलंस ना? आता एकच थांबा राहिलाय. एवढा होऊ दे, पोरी. मग तू म्हणशील ते औषध घेतो."

मी नाही म्हणू शकले नाही. मी नाही म्हणायला हवं होतं, असं मला अजून वाटत नाही.

आम्ही रिक्षानं गेलो. बाबा दर वर्षी आल्या आल्या आधी फळा वाचायचे. दर वर्षी तिथे त्याच चार गोष्टी असायच्या: कोणी धूमकेतू पाहिला, कोणी एका बेटाचा किनारा कागदावर काढला, कोणाचं उडतं यंत्र माणसाच्या उंचीएवढं उडून गवताच्या गंजीत कोसळलं, आणि चौथा आमचा पंप. दादा त्यात कधी नसायचा. फळा पहिलेपणाचा आहे, असं तारीखबहाद्दरांचं म्हणणं होतं, आणि बाबांनी त्यावर कधी वाद घातला नव्हता. यंदा खाली पाचवी ओळ होती. 'याच दिवशी आपल्यातला एक पाणबुड्या तळ्यात उतरला. तो अजून परतलेला नाही.' खडूचं अक्षर नेहमीसारखं सरळ आलं नव्हतं.

बाबांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग तारीखबहाद्दरांपुढे हात जोडले. "'अजून' लिहिलंत," ते म्हणाले. "बरं केलंत."

"बसून घ्या आधी, काका," तारीखबहाद्दर म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

बाबा बसले नाहीत. आम्ही मुठी धरल्या. पहिले काही फेरे हलके गेले. मग चाक जड झालं, आणि काटा गेल्या वर्षी होता तिथेच, शून्याच्या किंचित पुढे जाऊन थांबला. आलेली माणसं थोडा वेळ उभी राहिली. एका रिकाम्या हेल्मेटमध्ये काय पाहायचं ते न कळून एकेक करून पुढच्या दालनात गेली. शेवटी आम्ही तिघंच उरलो.

ठरलेली वेळ टळून गेली. तारीखबहाद्दर म्हणाले, "मॅडम, बस करू या आता."

"बाबा," मी म्हणाले.

"अजून थोडं." त्यांना धाप लागली होती, शर्ट पाठीला चिकटला होता. "थांब्यावर आहे तो. आत्ता हवा तोडायची?"

पेटीतून करकर येऊ लागली. ती कशाची, हे मला ठाऊक होतं. पितळ जात होतं. एरवी मी कोणाचाही हात धरून यंत्र बंद केलं असतं.

मी फिरवत राहिले.

तेवढ्यात मला हेल्मेटची काच दिसली. तिच्यावर आतून वाफ धरली होती, तळहाताएवढी. ती विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली.

मी मान वळवली आणि फक्त काट्याकडे पाहू लागले.

दालनात गाळाचा वास येत होता.

काटा हलला. शून्याकडे, अगदी सावकाश.

टेकला.

"आला," बाबा म्हणाले. दादा गेल्यापासून मी त्यांचा चेहरा तसा पाहिला नव्हता. "आला गं!" त्यांनी मूठ सोडली, हेल्मेटच्या दिशेनं एक पाऊल टाकलं आणि ते खाली बसले, दमलेला माणूस बसतो तसे. मग आडवे झाले.

"काका!" तारीखबहाद्दर धावले. त्यांनी बाबांच्या शर्टाची बटणं तोडली, छातीला कान लावला, मग दोन्ही हातांनी छाती दाबू लागले.

मी मूठ सोडून निघालेच होते.

काटा पुन्हा उठला.

दादा उतरायचा तसा तो मोजून-मापून चढत नव्हता. भरभर, मध्येच अडखळून, पुन्हा भरभर. चाक इतकं जड कधीच झालं नव्हतं. मी दोन्ही हात मुठीवर टाकले आणि सगळं अंग लोटून ते फिरवलं.

"मॅडम, इकडे या!" तारीखबहाद्दर ओरडले.

मी हलले नाही.

थोड्या वेळानं त्यांचा आवाज खाली आला. "ताई, काका गेले हो."

मला ऐकू आलं होतं. मी रडत होते, लहान मुलीसारखी मोठमोठ्यानं रडत होते, आणि फिरवत होते.

"सोडा ते, ताई. झालं सगळं."

"कसं सोडू?" मी म्हणाले. "बाबांना पोहता येत नाही."

त्यांनी तबकडीकडे पाहिलं, या खेपेला नीट पाहिलं. मग अंगातला कोट काढून बाबांवर पांघरला, उठून पलीकडच्या बाजूला आले आणि रिकामी मूठ धरली.

एक फेरा झाला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"जोर लावा, ताई," ते म्हणाले. "खाली दोघं आहेत."